येलहंक्यात मादागास्करचं रान

बंगळूर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर वसलेलं आहे. मादागास्कर बेटाच्या पूर्व भागात अंदासिबे नावाचं गाव आहे. तिथलं पावसाळी जंगलही साधारण याच उंचीवर आहे. पहाटेचा गारवा दोन्हीकडे, आणि उन्हाळाही आपल्या नागपूर-जळगावच्या मानानं सौम्य. हे साम्य लक्षात आलं की सरपटणारे प्राणी पाळायची आवड असलेल्या माणसाच्या मनात एक विचार हमखास येतो. अंदासिबेच्या झाडांवर राहणारी पानशेपटी पाल बंगळूरच्या उत्तर टोकाला, येलहंक्यातल्या एखाद्या फ्लॅटमध्ये, एसी न लावताही मजेत राहील. मुंबईत हा विचार कोणाच्या डोक्यातही येणार नाही, बंगळूरमध्ये मात्र तो येतो. तो अर्धा खरा आहे आणि उरलेल्या अर्ध्यापायी ही पाल मरते.

आधी ही पाल कोण ते पाहू. युरोप्लॅटस ही तिची प्रजाती. मादागास्कर आणि त्याला लागून असलेली छोटी बेटं सोडली तर ती जगात कुठेच रानात आढळत नाही. आजवर हिच्या वीसहून जास्त जाती नोंदल्या गेल्या आहेत आणि अजूनही नव्या सापडत आहेत. ‘युरोप्लॅटस गारामासो’ ही जात तर अगदी २०२३ साली शास्त्रीय नावासह जाहीर झाली. सगळ्यात मोठ्या जातींची लांबी शेपटीसह एक फुटाच्या आसपास भरते. ‘युरोप्लॅटस फँटास्टिकस’ ही लहान जात आपल्या हाताच्या बोटाएवढी. बुलेंजर या प्राणिशास्त्रज्ञानं १८८८ साली तिचं वर्णन केलं. हिची शेपटी म्हणजे हुबेहूब वाळकं पान. मधोमध शीर, कडेला किड्यानं कुरतडल्यासारख्या खाचा, आणि रंग कधी तपकिरी, कधी पिवळट, कधी करडा. दिवसा ती एखाद्या वाळक्या फांदीवर शेपटी अंगाशी मुडपून बसते. तिच्यावर नजर पडली तरी पाहणाऱ्याला पाल दिसत नाही, पानच दिसतं.

मोठ्या जातींची लपण्याची रीत वेगळी आहे. त्यांच्या जबड्याच्या कडेनं, पोटाच्या दोन्ही बाजूंनी आणि पायांवर कातडीची झालर असते. दिवस उजाडला की ही पाल खोडावर डोकं खाली करून चिकटते आणि झालर सालीवर पसरून घट्ट दाबून धरते. कुठल्याही प्राण्याला पकडून देते ती त्याची सावली. रंग कितीही जुळला, तरी अंगाच्या कडेखाली सावलीची एक काळी रेघ उमटतेच, आणि पक्ष्याची नजर नेमकी तीच शोधत असते. झालर ती रेघच पुसून टाकते. अंग संपतं कुठे आणि साल सुरू होते कुठे, हे कळेनासं होतं. त्यातून अंगावर शेवाळ आणि दगडफुलाच्या रंगाचे ठिपके. रात्री हीच पाल उठते, जिभेनं डोळे पुसते आणि शिकारीला निघते. बहुतेक पालींप्रमाणे हिलाही पापण्या नाहीत. डोळ्यावर पारदर्शक आवरण असतं आणि ते स्वच्छ ठेवायला जीभच कामी येते. अगदीच जिवावर बेतलं तर ती जबडा सताड उघडते, आतला लालभडक रंग दाखवते आणि ओरडते.

फ्रेंच अधिकारी फ्लाकूर यानं १६५८ साली मादागास्करवर पुस्तक लिहिलं. त्यात या पालीचा उल्लेख आहे. ती माणसाच्या छातीवर उडी मारून घट्ट चिकटते अशी तिथल्या लोकांची समजूत त्यानं नोंदवून ठेवली आहे. ही भीती आपल्याला काही परकी नाही. पाल अंगावर पडली तर कुठे पडली यावरून फळ सांगणारे तक्ते आपल्या पंचांगांत छापले जातात. कांचीपुरमच्या वरदराज पेरुमाळ मंदिरात सोन्याचांदीच्या पालींना हात लावून दोष घालवायला माणसं लांबून जातात. कोणाला पाल घरात नको वाटते आणि कोणी तिच्यासाठी हजारो रुपये मोजायला तयार होतो. दोघांमध्ये पाल कशी जगते हे ठाऊक असलेला क्वचितच सापडतो.

ऑस्ट्रेलियातही पानासारख्या शेपटीच्या पाली आहेत. सिडनीच्या वालुकाश्माच्या कड्यांवर राहणारी त्यातली एक १७९० पासून युरोपला माहीत आहे. त्यांचं या मादागास्करच्या पालींशी जवळचं नातं नाही. सारख्या गरजेतून शेपटी सारखी झाली, इतकंच. या प्रकरणात मी बोलतो आहे ते मादागास्करच्या पालीबद्दल.

आता पाणी. ही पाल सांभाळायची म्हणजे मुख्यतः पाणी सांभाळायचं. अंदासिबेच्या भागात वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस थोडाफार पाऊस असतो. जेव्हा नसतो तेव्हा धुकं असतं. बंगळूरला वर्षाकाठी हजार मिलिमीटरच्या आतबाहेर पाऊस पडतो, पण त्यातला बहुतेक मे ते ऑक्टोबरमध्ये. फेब्रुवारी ते एप्रिल हवा कोरडी असते. येलहंक्यात मार्चच्या दुपारी दोरीवर टाकलेले कपडे बघता बघता वाळतात. आपल्याला ती हवा आवडते. पानशेपटी पालीच्या पातळ कातडीतून मात्र तीच हवा तासातासाला पाणी काढून घेते. उंचीचं साम्य पाहून फसलेला माणूस तापमापक बघतो, आर्द्रतामापक बघत नाही. पाणी कमी पडलेल्या पालीचे डोळे आत जातात. शेपटीच्या बुडाशी आणि बरगड्यांवर कातडीच्या घड्या पडतात. कात निघताना बोटांच्या टोकांना अडकून राहते, तिचा फास आवळत जातो आणि बोट झडतं. ज्या बोटांच्या गाद्यांवर ही पाल काचेलाही चिकटते, तीच बोटं.

वाटीत पाणी भरून ठेवलं की भागलं असंही नाही. ही पाल साचलेलं पाणी सहसा ओळखत नाही. तिला पानावरचे, काचेवरचे, स्वतःच्या नाकावरचे थेंब चाटायची सवय. म्हणून संध्याकाळी दिवे मालवताना आणि पहाटे उजाडण्याआधी बारीक फवारा मारावा लागतो. तोही पानं चांगली निथळेपर्यंत. रात्री लाल किंवा अगदी मंद उजेडात पाहिलं तर पाल हळूच मान वळवते, थेंबाकडे काही क्षण टक लावते आणि मग जीभ सावकाश बाहेर काढून एकामागून एक थेंब टिपत जाते. पाच-दहा मिनिटं हे चालतं. पाळणाऱ्यानं पालीच्या खाण्याआधी बघायची गोष्ट ही. पाल पाणी पीत असेल तर बाकीचं सावरता येतं.

पण पेटी सतत ओलीचिंब ठेवली तर बुरशी धरते, आणि कोंदट हवेत फुप्फुसाचे आजार होतात. ओलावा हवा आणि हवाही खेळती हवी. या दोन गरजा एकमेकींच्या विरुद्ध जातात आणि पाळणाऱ्याची सगळी कसोटी इथेच लागते. अनुभवी लोक काचेचं मत्स्यपात्र वापरत नाहीत. उभी, वर आणि एका बाजूनं जाळी असलेली पेटी वापरतात. लहान जातीच्या जोडीला साधारण दीड फूट रुंद आणि दोन फूट उंच पेटी पुरते, मोठ्या जातीला तीन फूट उंचीही कमीच वाटते. तळाशी निचऱ्याचा थर, त्यावर माती आणि वाळकी पानं, उभ्या-आडव्या फांद्या, सालीचे तुकडे, पोथॉससारखी रुंद पानांची जिवंत झाडं. मातीत बारीक गोगलगाई आणि पालापाचोळा कुजवणारे छोटे किडे सोडले तर विष्ठा आणि बुरशी तेच निस्तरतात. फवारणी झाली की दोन-चार तासांत पृष्ठभाग सुकले पाहिजेत, पानांखालची माती मात्र ओलसर राहिली पाहिजे.

येलहंक्यातला खास प्रश्न पाण्याच्या क्षारांचा. या भागात बऱ्याच वसाहती बोअरवेलवर आणि टँकरवर चालतात, आणि हे पाणी जड असतं. ते फवारलं की आठवड्याभरात काचेवर पांढरे डाग चढतात, फवाऱ्याची नळी चोंदते. पानांवरचा तोच क्षार पाल रोज चाटत राहते. आरओचं पाणी चालतं, पावसाचं सगळ्यात चांगलं. बंगळूरमध्ये ठरावीक आकाराच्या घरांना पावसाचं पाणी साठवण्याची व्यवस्था २००९ पासून सक्तीची आहे, त्यामुळे ज्याच्या गच्चीवर ती खरोखर चालू आहे त्याला हे पाणी घरातच मिळतं. अर्थात मार्च २०२४ मध्ये या शहरात माणसांनाच पाण्यासाठी रांगा लावाव्या लागल्या होत्या. अशा वेळी रोज दोनदा फवारणी करत राहण्याची तयारी आहे का, हे पाल आणण्याआधी स्वतःला विचारायला हवं. मोठ्या जाती चांगल्या निगेत दहा वर्षांच्या आसपास जगतात, म्हणजे दहा उन्हाळे आले.

उष्णतेबद्दल थोडक्यात. लहान जातींना दिवसा २२ ते २४ अंश सेल्सिअस आणि रात्री १८ ते २० मानवतं. ‘युरोप्लॅटस हेंकेली’सारखी दणकट जात २७-२८ सहन करते, पण तिलाही रात्रीचा गारवा लागतो. बंगळूरचा डिसेंबर त्यांना आवडेल. एप्रिल नाही. २४ एप्रिल २०१६ ला या शहरात ३९.२ अंशांची नोंद झाली. वरच्या मजल्यावर पश्चिमेच्या भिंतीला टेकवलेल्या पेटीत अशा दिवशी पाल एका दुपारी संपते. म्हणजे एसीशिवाय भागेल हे स्वप्नही वर्षातले आठ-नऊ महिनेच खरं.

खाण्याच्या बाबतीत मात्र येलहंका भाग्यवान आहे. पानशेपटी पाल जिवंत, हलणारे किडेच खाते. पाळणारे तिला रातकिडे आणि झुरळांच्या पाळीव जाती देतात. रातकिड्यांत कॅल्शियम कमी आणि फॉस्फरस जास्त, त्यामुळे त्यांच्यावर कॅल्शियमची भुकटी लावून द्यावी लागते, आणि अधूनमधून डी-३ जीवनसत्त्व. येलहंक्याहून निघालं की पुढे दोड्डबळ्ळापूर, चिक्कबळ्ळापूर, सिद्लघट्टा हा सगळा रेशमाचा मुलूख. रेशमाची अळी मऊ असते, पचायला हलकी असते आणि रातकिड्यापेक्षा तिच्यात कॅल्शियम चांगलं असतं. मात्र शेतकरी अळ्यांच्या तट्ट्यांवर रोग येऊ नये म्हणून भुकटी धुरळतात, म्हणून बाजारातली अळी थेट पालीला घालू नये. अंडीपुंज आणून घरी तुतीच्या पाल्यावर वाढवलेली अळी द्यावी. गोगलगाईही या पालींना फार आवडतात. शंखासकट चावून खातात, आणि तो शंख म्हणजे चुनाच.

हा चुना मादीला किती लागतो ते अंडी घालायच्या दिवसांत कळतं. पालींच्या मानेत चुना साठवणाऱ्या पिशव्या असतात. अंडं तयार होताना त्यातला साठा कवचासाठी वापरला जातो. हंगामात मादी महिन्या-दीड महिन्याच्या अंतरानं पुन्हा पुन्हा दोन-दोन अंडी घालते. साठा संपला की ती हाडांतून चुना काढते. मग पाय थरथरतात, जबडा मऊ पडतो, फांदीवरची पकड सुटते. हे दिसेपर्यंत फार उशीर झालेला असतो. म्हणून समंजस पाळणारे नर-मादी वर्षभर एकत्र ठेवत नाहीत. काही महिने फवारणी कमी, गारवा जास्त, आणि मादीला विश्रांती. मादागास्कर विषुववृत्ताच्या दक्षिणेला आहे, तिथला पावसाळा आपल्या हिवाळ्यात येतो. तिथून पकडून आणलेल्या पाली कधी कधी वर्षभर जुन्याच वेळापत्रकानं वागतात. आपल्याकडे जन्मलेली पिल्लं इथला ऋतू धरतात.

अंडी पांढरी, गोल, वाटाण्याहून थोडी मोठी. मादी ती ओल्या पाल्यात लपवते. त्यामुळे रोज पहाटे पाला हलक्या हातानं चाळणं आलं. अंडं सापडलं की ज्या बाजूनं वर होतं त्या बाजूवर पेन्सिलीनं खूण करायची आणि त्याच अवस्थेत उचलायचं. आतला गर्भ पहिल्या काही दिवसांतच कवचाला एका जागी धरून बसतो. अंडं उलटं झालं की तो गुदमरण्याची भीती असते. अंडी २१ ते २३ अंशांना, ओलसर पण चिकट नसलेल्या माध्यमावर ठेवली की साधारण तीन महिन्यांत पिल्लू बाहेर येतं. ते पहिली कात टाकतं, दोन-तीन दिवसांनी खाऊ लागतं. फळमाश्या आणि नुकते जन्मलेले रातकिडे एवढंच त्याला झेपतं. ओलाव्याची चूक झाली की मोठी पाल आजारी पडते आणि पिल्लू एका दिवसात मरतं. पिल्लांना हातात घेण्याचा प्रश्नच नाही. खरं तर मोठ्या पालीलाही हात लावू नये. घाबरली तर शेपटी टाकते, आणि पुन्हा तशी शेपटी येत नाही.

ही सगळी विद्या युरोप-अमेरिकेतल्या हौशी माणसांनी आणि प्राणिसंग्रहालयांनी कित्येक वर्षांच्या खटपटीनं मिळवली. ‘हेंकेली’ हे नाव जर्मनीतल्या फ्रीडरिश-विल्हेल्म हेंकेल यांच्यावरून पडलं आहे. मादागास्करचे सरपटणारे प्राणी पाळण्यात आणि त्यांच्यावर लिहिण्यात त्यांनी आयुष्य घालवलं. हीच जात आज बंदिवासात सगळ्यात सहज वाढते. पण बाजारात येणाऱ्या बहुतेक पाली पूर्वी रानातून पकडलेल्या असत. पकडताना धक्का, गोणपाटात दिवस, विमानात पाण्याविना प्रवास, अंगात आधीपासूनचे जंत. तहानेनं खंगलेल्या शरीरात तेच जंत डोकं वर काढतात. अशा पालीला दोन-तीन महिने वेगळ्या पेटीत ठेवून विष्ठेची तपासणी करून घ्यावी लागते. येलहंक्याशेजारी हेब्बाळला १९५८ पासून पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यामुळे सूक्ष्मदर्शक आणि तज्ज्ञ दूर नाहीत. पण ही पाल तिथे राजरोस घेऊन जाता येते का? प्रश्न इथे येऊन थांबतो.

डब्ल्यूडब्ल्यूएफ या वन्यजीव संरक्षण संस्थेनं २००४ साली बेलगाम व्यापारामुळे धोक्यात आलेल्या दहा जीवांची यादी काढली. त्यात पानशेपटी पाली होत्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये साइट्स या वन्यजीव-व्यापाराविषयीच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या देशांची परिषद बँकॉकला भरली, आणि युरोप्लॅटसच्या सगळ्या जाती दुसऱ्या परिशिष्टात आल्या. म्हणजे निर्यात करणाऱ्या देशाच्या परवान्याशिवाय त्यांची ने-आण करता येत नाही. हे बँकॉक नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. येलहंक्याच्या पुढे, बल्लारी रस्त्यानं देवनहळ्ळीला बंगळूरचं आंतरराष्ट्रीय विमानतळ आहे. तिथे ऑगस्ट २०२३ मध्ये बँकॉकहून आलेल्या एका प्रवाशाच्या सामानात २३४ वन्यजीव निघाले. अजगर, सरडे, कासवं, आणि प्लॅस्टिकच्या डब्यात गुदमरून मेलेलं कांगारूचं पिल्लू. एप्रिल २०२४ मध्ये बँकॉकच्याच विमानातून दहा पिवळे अॅनाकोंडा पकडले गेले. विमानतळाहून शहराकडे येणाऱ्या बहुतेक गाड्या येलहंका ओलांडून येतात. सूटकेसमध्ये पाण्याविना तासनतास बंद राहिलेला प्राणी या रस्त्यानं जेव्हा कोणाच्या घरी पोचतो, तेव्हा तिथे कितीही उत्तम पेटी असली तरी फारसा उपयोग नसतो.

आपला कायदाही आता स्पष्ट आहे. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ साली दुरुस्ती झाली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. साइट्सच्या परिशिष्टांतले प्राणी चौथ्या अनुसूचीत घेतले गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये त्यासाठी स्वतंत्र नियम आले. असा जिवंत प्राणी ज्याच्याकडे आहे त्यानं केंद्र सरकारच्या ‘परिवेश २.०’ या संकेतस्थळावरून राज्याच्या मुख्य वन्यजीव संरक्षकाकडे नोंद करायची. सुरुवातीला त्यासाठी सहा महिन्यांची मुदत होती. पिल्लं झाली, प्राणी दुसऱ्याला दिला, मेला, तर तेही कळवायचं. परदेशातून आणायचा तर साइट्सची कागदपत्रं, परकीय व्यापार महासंचालनालयाची परवानगी, विलगीकरण हे सगळं ओघानं आलंच. ‘कागद नंतर करून देऊ’ म्हणणारा विक्रेता कायदा मोडत असतो आणि घेणारा त्यात सामील होतो.

माझं मत स्पष्ट आहे. पानशेपटी पाल खासगी घरात ठेवायची असेल तर ती बंदिवासात जन्मलेली असल्याचा पुरावा हातात असला पाहिजे, आणि तो आपल्याकडे आज बहुतेकांना मिळणार नाही. या पालीचं पालन आणि पैदास भारतात व्हायचीच असेल तर ती प्राणिसंग्रहालयांनी करावी. त्यांच्याकडे पशुवैद्य आहेत, नोंदवह्या आहेत, आणि हंगाम संपला तरी पगारी माणूस फवारा मारायला येतो. जंगल तोडलं जात असलेल्या मादागास्करसाठी अशी बंदिवासातली पैदास एक दिवस उपयोगीही पडेल.

आणि ज्याला झालर, छद्मावरण आणि रात्रीची शिकार पाहण्याचीच ओढ आहे, त्यानं येलहंक्यातच टॉर्च घेऊन बाहेर पडावं. रस्त्याकडेच्या जुन्या झाडांच्या खोडांवर सालपाल, म्हणजे ‘हेमिडॅक्टिलस लेशेनॉल्टी’, इतकी बेमालूम बसलेली असते की तिच्या डोळ्यातली चमक दिसेपर्यंत ती सापडत नाही. बंगळूरच्या आसपासच्या पालींबद्दल तर अजूनही नवं कळतं आहे. ‘सर्टोडॅक्टिलस श्रीलेखे’ ही मैसूर पठारावरची जमिनीवर राहणारी पाल २०१६ साली वर्णिली गेली. ‘हेमिडॅक्टिलस व्हिटेकरी’ २०१८ साली जाहीर झाली. सर्पतज्ज्ञ रोम्युलस व्हिटेकर यांच्या नावानं ओळखली जाणारी ही पाल तोवर दुसऱ्याच एका जातीत मोडली जात होती. २०१६ सालीच ‘सर्टोडॅक्टिलस वरदगिरी’ हे नाव ज्यांच्यावरून पडलं ते वरद गिरी हे मराठी संशोधक. पालींच्या अभ्यासात आपल्या माणसांचं काम मोठं आहे आणि अजून कितीतरी करायचं बाकी आहे. कोणी तुम्हाला पानशेपटी पाल विकायला आणली, तर ती विकत घेऊ नका आणि तिचा फोटोही पुढे पाठवू नका. वन विभागाला कळवा, आणि पाल त्यांच्या ताब्यात जाईपर्यंत तिला सावलीत ठेवून तिच्यावर पाण्याचा बारीक फवारा मारत राहा.